'बॅक इन ब्लॅक' की 'पॉवर अप'? एसी/डीसीच्या दोन अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही मित्रमंडळी रविवारी संध्याकाळी जमतो आणि एक अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकतो. मधे गप्पा नाहीत, मोबाइल नाही. जे काही बोलायचं ते नंतर चहा घेताना. एसी/डीसीचे हे दोन अल्बम पाठोपाठ ऐकले, तेव्हापासून प्रश्न येणं थांबलेलं नाही. काही कॉलेजच्या मुलांचे आहेत, काही पन्नाशी ओलांडलेल्या जुन्या चाहत्यांचे, आणि काही रॉक कधीच न ऐकलेल्यांचे. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न ज्याच्या त्याच्या शब्दांतच ठेवलेत.

१. एसी/डीसी म्हणजे नेमके कोण? हा तर वडिलांच्या वेळचा बँड ना?

वडिलांच्या वेळचा आहेच, पण तिथेच संपलेला नाही. माल्कम यंग आणि अँगस यंग या भावांनी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत हा बँड सुरू केला. घर मूळचं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं. १९६३ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. दोन गिटार, बास, ड्रम आणि एक गायक, एवढाच सरंजाम. अँगस आजही स्टेजवर शाळेच्या गणवेशात उतरतो: अर्धी चड्डी, टाय, टोपी, सगळं. ही कल्पना त्याच्या बहिणीची. शाळांचे गणवेश शिवून देशभर पाठवणाऱ्या आपल्या गावाला हे आवडायला हरकत नाही.

२. दोन्ही अल्बमची साधी माहिती एका ठिकाणी द्या की ओ.

'बॅक इन ब्लॅक' २५ जुलै १९८० रोजी आला. १० गाणी, साधारण ४२ मिनिटं. ध्वनिमुद्रण बहामाजमधल्या नासाऊ इथल्या कंपास पॉइंट स्टुडिओत, निर्माता मट लँग. गायक ब्रायन जॉन्सन, लीड (पुढे उठून दिसणारी) गिटार अँगस, रिदम (ठेका धरून ठेवणारी) गिटार माल्कम, बास क्लिफ विल्यम्स, ड्रमवर फिल रड.

'पॉवर अप' १३ नोव्हेंबर २०२० रोजी आला. १२ गाणी, साधारण ४१ मिनिटं. म्हणजे गाणी दोन जास्त, तरी वेळ मिनिटभर कमी. ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात, निर्माता ब्रेंडन ओब्रायन. वाजवणारे चौघे तेच. फक्त माल्कमच्या जागी त्याचा पुतण्या स्टीवी यंग.

३. मधे इतके अल्बम झाले. मग ४० वर्षांपूर्वीच्याच अल्बमशी तुलना का करता?

कारण दोन्ही अल्बम बँडमधला माणूस गेल्यावर, त्याच्या आठवणीत केलेले आहेत. 'पॉवर अप' आला तेव्हा अँगसने स्वतःच ही सांगड घातली: 'बॅक इन ब्लॅक' जसा आधीचा गायक बॉन स्कॉटसाठी होता, तसा हा माल्कमसाठी.

दुसरं असं, की पाचपैकी चार जण तेच असल्यामुळे तुलनेला घट्ट आधार मिळतो. १९८० मध्ये गेलेला माणूस गायक होता. त्याच्या जागी नवा आवाज आला आणि गाणीही नव्या आवाजासाठी बांधली गेली. २०१७ मध्ये गेलेला माणूस रिदम गिटारवाला, आणि त्याने बांधून ठेवलेलं संगीतच घेऊन 'पॉवर अप' उभा राहिला. पहिल्या अल्बममध्ये गेलेल्या माणसाची आठवण आहे, दुसऱ्यात त्याचं काम आहे. माझ्या मते या जोडीकडे बघण्याची खरी किल्ली हीच, आणि खालची बरीचशी उत्तरं याच मुद्द्यापाशी येतात.

४. बॉन स्कॉट आणि माल्कम यंग यांचं नेमकं काय झालं?

बॉन स्कॉट हा १९७४ पासून बँडचा गायक. १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये रात्रभर दारू प्यायल्यानंतर तो उभ्या गाडीत मृतावस्थेत सापडला. वय ३३. पुढच्या काही आठवड्यांतच बँडने ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि एप्रिलमध्ये सगळे नासाऊला ध्वनिमुद्रणासाठी गेले. जुलैअखेर अल्बम बाजारात. दुःख उरावर असताना इतक्या वेगाने काम झालं, हे लक्षात ठेवून तो अल्बम ऐका.

माल्कमचं जाणं सावकाशीचं. त्याला स्मृतिभ्रंश झाला होता. २०१४ मध्ये तो बँडमधून बाजूला झाला आणि १८ नोव्हेंबर २०१७ रोजी, ६४व्या वर्षी गेला. त्याच्या आधी महिनाभरही नसेल, मोठा भाऊ जॉर्ज यंग गेला होता. बँडचे सुरुवातीचे अल्बम जॉर्जच्या देखरेखीखाली झाले होते. अँगसने महिन्याच्या आत दोन भाऊ गमावले.

५. रिदम गिटारचं एवढं काय? मुख्य तर लीड वाजवणारा असतो ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

यंत्रमागावर चादर विणताना पाहिली असेल त्याला हे चटकन कळेल. चादरीवरचा मोर सगळ्यांना दिसतो, ताण्याकडे कुणी बघत नाही. पण ताण्याचे धागे तुटले की माग थांबवावाच लागतो. एसी/डीसीत अँगस म्हणजे मोर आणि माल्कम म्हणजे ताणा.

'बॅक इन ब्लॅक' हे शीर्षकगीतच घ्या. रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) सुरू होण्याआधी हाय-हॅटचे (ड्रमजवळच्या झांजांच्या जोडीचे) बारीक ठोके पडतात आणि त्यांच्या जोडीला दाबून धरलेल्या तारांची टिकटिक ऐकू येते. मग ई, डी, ए हे तीन कॉर्ड (एकदम छेडलेले स्वर). प्रत्येक कॉर्ड वाजतो आणि लगेच हाताने कापला जातो. मधे काहीच नाही, फक्त ड्रम. त्या मोकळ्या जागेत अँगसची छोटी लकेर येते आणि निघून जाते. गाण्याचा सगळा दरारा त्या कापण्यात आहे. नवशिका गिटारवाला कॉर्ड बरोबर धरतो, पण आवाज बंद कधी करायचा ते त्याला जमत नाही, आणि म्हणून तीन कॉर्डचं हे गाणं शंभर जणांनी वाजवलं तरी शंभरही वेळा ढिलं वाटतं.

माल्कमची गिटार ग्रेच कंपनीची, १९६३ ची. त्याने तिच्यातले जादाचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) काढून टाकून ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली टेकतात तिथला, एकच ठेवला होता. तारा जाड लावायचा आणि अँपचा (आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) आवाज फार फाटू द्यायचा नाही. लोकांना वाटतं हार्ड रॉक म्हणजे आवाज जितका फाटका तितका जोरदार. माल्कमने उलटं केलं. आवाज स्वच्छ ठेवला, जोर मनगटातून आणला. त्यामुळे कॉर्डमधली एकेक तार वेगळी कळते.

६. दोन गिटार एकदम वाजत असताना माल्कमचा हात ओळखायचा कसा?

डाव्या कानाने. 'बॅक इन ब्लॅक'मध्ये माल्कमची गिटार डावीकडे आणि अँगसची उजवीकडे ठेवलेली आहे. इअरफोनचा फक्त डावा कान लावा आणि 'शूट टू थ्रिल' ऐका. मग फक्त उजवा. मग दोन्ही. या तीन फेऱ्यांत जे कळतं ते पानभर वाचून कळणार नाही. मोबाइलमध्ये मोनो ऑडिओ चालू असेल तर आधी बंद करा; एकाच डब्याच्या ब्लूटूथ स्पीकरवर ही कसोटी लागू पडत नाही, कारण दोन्ही बाजू एकत्र होतात.

मग 'पॉवर अप'मधल्या 'रिअलाइझ'ला किंवा 'शॉट इन द डार्क'ला हीच कसोटी लावा. स्टीवीचा हात चांगला आहे, शिस्तीचा आहे, काकाकडे बघतच तो घडलेला आहे. पण कॉर्ड कापल्यानंतरच्या शांततेत माल्कमचा जो धाक असायचा तो मला इथे कमी जाणवतो. ठोका चुकत नाही. मोकळी जागा मात्र थोडी लवकर भरते.

७. माल्कम २०१७ मध्येच गेला, मग २०२० च्या अल्बमवर त्याचं नाव कसं काय?

'पॉवर अप'च्या सगळ्या १२ गाण्यांवर अँगस आणि माल्कम या दोघांचीच नावं आहेत, आणि ती मानापुरती नाहीत. दोघे भाऊ आयुष्यभर रिफ सुचले की टेप करून ठेवायचे. त्यातलं पुष्कळ साहित्य अल्बममध्ये वापरलंच गेलं नव्हतं, विशेषतः २००८ च्या 'ब्लॅक आइस'च्या आधीच्या काळातलं. माल्कम गेल्यावर अँगसने ते सगळं काढून ऐकलं, निवडलं आणि त्यातून ही गाणी पुरी केली.

म्हणजे अल्बमवर वाजतो स्टीवी, पण जे वाजतं त्यात माल्कमने सुचवलेलं बरंच आहे. प्रश्न ६ मधला फरक ऐकताना हे ध्यानात ठेवा. चाल कुणाची आणि हात कुणाचा, या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८. माल्कमशिवायचा पहिला अल्बम तर २०१४ चा 'रॉक ऑर बस्ट'. मग तुलना त्याच्याशी नको का?

बरोबर पकडलंत. माल्कमच्या हाताशिवायचा पहिला अल्बम 'रॉक ऑर बस्ट'च, आणि तिथेही स्टीवीच वाजवतो. स्टीवीने १९८८ च्या अमेरिका दौऱ्यातही माल्कमची जागा सांभाळली होती, तेव्हा तो अचानक आणलेला माणूस नाही. फक्त हाताचा फरक अभ्यासायचा असेल तर 'रॉक ऑर बस्ट' जरूर घ्या.

पण त्या वेळी माल्कम हयात होता. तो अल्बम आजारी माणसाची खुर्ची तात्पुरती सांभाळणाऱ्यांचा वाटतो. 'पॉवर अप'मध्ये ती खुर्ची कायमची रिकामी झाली आहे, हे वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आठवणीचा अल्बम म्हणून जोड लावायची तर 'पॉवर अप'चीच.

९. 'हेल्स बेल्स'मधली घंटा खरी आहे का? आणि घंटा म्हणजे दुखवटा कसा? आपल्याकडे तर घंटा शुभ.

घंटा खरी. इंग्लंडमधल्या लफबरो गावी जॉन टेलर नावाचा घंटा ओतण्याचा जुना कारखाना आहे. बँडसाठी तिथे सुमारे एक टनाची काशाची घंटा ओतली गेली. आवाज आधी गावातल्या स्मारकाच्या मनोऱ्यातल्या घंटेचा घ्यायचा प्रयत्न झाला, पण ठोका पडला की आतले पक्षी फडफडून उडायचे आणि तो फडफडाट टेपवर यायचा. शेवटी ध्वनिमुद्रक टोनी प्लॅटने कारखान्यातच आवाज टिपला. अल्बममध्ये तो टेपचा वेग निम्मा करून वापरलाय, म्हणून घंटा आहे त्याहून अवजड वाटते.

दुसऱ्या भागाचं उत्तर: इंग्लंडात कुणी गेलं की चर्चची घंटा संथपणे, एकेक ठोका लांबवत वाजवण्याची रीत होती. देवळात आपण घंटा वाजवतो ती देवापुढे उभं राहिल्याची वर्दी म्हणून. त्यांच्याकडची ही घंटा गावाला बातमी देणारी. अल्बम काही बोलण्याआधी ही घंटा वाजते आणि बॉनचं नाव न घेता सगळं सांगते. मुखपृष्ठही याच कारणाने पूर्ण काळं ठेवलं होतं. रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहाखातर बँडच्या नावाला करड्या रंगाची कड तेवढी आली.

'पॉवर अप'मध्ये असं काही चिन्ह नाही. 'रिअलाइझ' थेट सुरू होतं. मला सुरुवातीला ते कमी वाटत होतं, आता पटतं. घंटा दुसऱ्यांदा वाजवली असती तर नक्कल झाली असती.

१०. ब्रायन जॉन्सनचा आवाज तेव्हाचा आणि आताचा, किती फरक?

१९८० मध्ये तो ३२ वर्षांचा होता, 'पॉवर अप'च्या ध्वनिमुद्रणात सत्तरीचा. मधे २०१६ मध्ये डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की गाणं थांबवलं नाही तर कान कायमचे जातील. त्याला दौरा अर्धवट सोडावा लागला आणि उरलेले कार्यक्रम 'गन्स अँड रोझेस' या बँडचा गायक ॲक्सल रोझने गायले. बँड संपला असंच तेव्हा वाटत होतं. म्हणून 'पॉवर अप'मध्ये हा आवाज ऐकू येणं हीच एक मोठी गोष्ट आहे.

'बॅक इन ब्लॅक'मध्ये तो आवाजाच्या अगदी वरच्या टोकाला राहून गातो, आणि दम लागला तरी खाली येत नाही. 'पॉवर अप'मध्ये ओळी आखूड झाल्यात, मधल्या पट्टीत जास्त राहतो, आणि ध्रुपदाला मागच्या आवाजांचा आधार घेतो. 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम' हे गाणं यासाठी मुद्दाम ऐका. एसी/डीसीने इतकं सुरेल आणि हळवं क्वचितच केलंय. ब्रायन तिथे ओरडत नाही, आठवतो. अख्ख्या अल्बमात माझं सगळ्यांत आवडतं गाणं ते.

११. नवा अल्बम जास्त भरीव आणि मोठा ऐकू येतो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो सरस का?

मोठा ऐकू येणं आणि चांगलं असणं वेगळं. हल्लीचे अल्बम तयार करतानाच आवाजाची पातळी वर ओढलेली असते. तुलना करण्याआधी 'पॉवर अप'चा आवाज थोडा कमी करून दोन्ही एका पातळीवर आणा, नाहीतर कान मोठ्या आवाजालाच कौल देतो.

पातळी सारखी केली की निर्मात्यांचा स्वभाव दिसू लागतो. मट लँग अतिशय काटेकोर, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाजवून घेणारा. तरी अल्बम कोरडा आणि मोकळा ठेवलाय, प्रत्येक वाद्याभोवती जागा आहे. ओब्रायनने 'ब्लॅक आइस' आणि 'रॉक ऑर बस्ट'ही केलेत, त्याला बँडचा हात माहीत आहे. त्याचा आवाज दाट, गिटार पुढे.

१२. यांची सगळी गाणी सारखीच वाटतात. मग नवा अल्बम कशाला?

बाहेरून सारखी वाटतात हे खरं. बँडने आपली चौकट मुद्दाम लहान ठेवली आहे आणि जे वेगळेपण आहे ते चौकटीच्या आत आहे: ठोक्याच्या वजनात, कॉर्डमधल्या अंतरात. फिल रडचं ड्रम वाजवणं ऐका. 'बॅक इन ब्लॅक'चा ठोका रेंगाळत पडतो, 'डेमन फायर'चा धावतो, आणि माणूस एकच.

'पॉवर अप'च्या उत्तरार्धात मात्र तक्रारीला जागा आहे. 'मनी शॉट'सारखं गाणं गाळलं असतं तर काही बिघडलं नसतं. 'बॅक इन ब्लॅक'मध्येही मधली एक-दोन गाणी भरतीची आहेत, पण त्यांच्यानंतर लगेच शीर्षकगीत आणि 'यू शुक मी ऑल नाइट लाँग' येतं, त्यामुळे ती खपून जातात.

१३. इंग्रजी शब्द कळत नाहीत. घरात मोठ्यांसमोर लावण्यासारखे आहेत का?

शब्द न कळता ऐकलंत तरी चालेल. रिफला भाषा लागत नाही. घरात लावण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. 'बॅक इन ब्लॅक'मधल्या बऱ्याच गाण्यांत द्व्यर्थी, बायकांबद्दलचे उथळ शब्द आहेत. ते तेव्हाही उथळच होते. इंग्रजी कळणारे आजी-आजोबा शेजारी असतील तर 'हेल्स बेल्स', शीर्षकगीत आणि शेवटचं 'रॉक अँड रोल एन्ट नॉइज पोल्यूशन' निवडा.

मला स्वतःला जास्त खटकतं ते 'हॅव अ ड्रिंक ऑन मी'. दारूने माणूस गेला आणि त्याच्या आठवणीतल्या अल्बममध्ये दारूचा जल्लोष. चाहते म्हणतात, बॉनला हेच आवडलं असतं. असेल. मी ते गाणं ऐकतो, पण बैठकीत त्यावर बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

१४. 'बॅक इन ब्लॅक'चे शब्द खरं म्हणजे बॉननेच लिहिले होते, असं ऐकलंय. खरं का?

ही वदंता ४० वर्षांहून जुनी आहे. नोंद अशी की सगळ्या गाण्यांवर अँगस, माल्कम आणि ब्रायन या तिघांची नावं आहेत, आणि बँडने ही वदंता कायम नाकारली आहे. बॉनने जाण्याच्या थोडे दिवस आधी भावांबरोबर बसून काही कच्च्या चालींवर ड्रम वाजवले होते, हे यंग बंधूंनीच सांगितलंय. तिथून पुढे शब्दांपर्यंत उडी मारायला पुरावा नाही. माल्कमच्या बाबतीत असा घोळ नाही, तिथे नाव सरळ छापलेलं आहे (प्रश्न ७ पाहा).

१५. खप कुणाचा जास्त? मग तोच श्रेष्ठ ना?

खपात बरोबरीच नाही. 'बॅक इन ब्लॅक' जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये मोडतो. एकट्या अमेरिकेत त्याची नोंद अडीच कोटींच्या पुढे आहे. पण गंमत बघा, १९८० मध्ये अमेरिकेच्या यादीत तो चौथ्या क्रमांकाच्या वर कधीच गेला नाही. 'पॉवर अप' मात्र अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया तिन्हीकडे पहिला आला. क्रमांक त्या आठवड्याचा असतो. खप ४० वर्षांचा.

कौल मागितलाच आहे तर: अल्बम म्हणून 'बॅक इन ब्लॅक' वरचढ, यात मला शंका नाही. पण गेलेल्या माणसाचं ऋण फेडण्याच्या बाबतीत 'पॉवर अप' मला जास्त प्रामाणिक वाटतो. भावाच्या अर्धवट राहिलेल्या चाली पुऱ्या करून त्याच्या नावानिशी लोकांपुढे ठेवणं, याहून मोठी श्रद्धांजली वाजवणाऱ्या माणसाला देता येत नाही.

१६. दोन्ही पहिल्यांदाच ऐकणार आहे. कुठून सुरुवात करू, कशावर ऐकू?

आधी 'बॅक इन ब्लॅक' सलग, गाणी न उलटसुलट करता. एक दिवस जाऊ द्या. मग 'पॉवर अप'. साधे वायरचे इअरफोन पुरेत, महागड्या यंत्राची गरज नाही. दुपारी पंखा फुल्लवर आणि शेजारी माग चालू असेल तर कोरड्या, मोकळ्या जागा ऐकूच येणार नाहीत. सोलापुरात रात्री जेवणानंतरची वेळ बरी. रात्री स्पीकरवर लावणार असाल तर शेजाऱ्यांचा विचार करा.

१७. हल्लीच्या दौऱ्यात हेच पाच जण वाजवतात का?

नाही. 'पॉवर अप'च्या नावाचा दौरा मे २०२४ मध्ये जर्मनीतून सुरू झाला, तेव्हा ड्रमवर मॅट लॉग आणि बासवर ख्रिस चेनी होते. अँगस, ब्रायन आणि स्टीवी तेच. त्यामुळे यूट्यूबवरचे २०२४ नंतरचे कार्यक्रम बघून प्रश्न ६ किंवा १२ मधली तुलना करू नका, ठोका दुसऱ्याच माणसाचा आहे. 'बॅक इन ब्लॅक'मधले चौघे एकत्र वाजवताना ऐकायचे असतील तर त्यांचा आजवरचा शेवटचा अल्बम 'पॉवर अप'च आहे.